रेडिओपाशी बसणारी किनुए

कामिसावा गावात एखादं पोर अंधाऱ्या खोलीत जायला कचरलं, की त्याची आई हसून विचारते, "काय रे, किनुए झालास का?" हे किनुएला ठाऊक आहे. दुकानात तिच्या पुढ्यातच एकदा कुणीतरी असं बोलून गेलं आणि मग जीभ चावली. किनुए वजनकाट्यावरचे कांदे उचलत म्हणाली, "बरोबर आहे. शिकवा पोरांना. घाबरणारी पोरं वेळेवर जेवायला येतात."

साठी उलटलेली, ठेंगणी, गालांवर थंडीने कायमची उमटलेली लाली. इतर बायका रानात जाताना अस्वलाला चाहूल लागावी म्हणून कमरेला एक घंटा बांधतात, किनुए दोन बांधते, आणि तेही घरामागच्या कोबीच्या वाफ्यात जायला. दीर तिला म्हणतो, "वहिनी, तुम्ही आलात की गावाला वाटतं देवळातली मिरवणूक निघाली."

हिवाळ्यात मात्र ती निर्धास्त असते. बर्फावर घसरायला शहरातून झुंडीच्या झुंडी येतात तेव्हा रोपवेच्या पायथ्याशी असलेल्या खाणावळीत ती शेवयांच्या रश्श्याचे वाडगे भरभरून देते, मोठ्याने हसते, कुणाच्याही पोराच्या नाकाचा शेंबूड पुसते. सगळं बर्फाखाली झोपलेलं असतं ना! बर्फ वितळून ओढे खळाळू लागले, की गावाला उकळी फुटते आणि किनुए खुंटीवरच्या दोन्ही घंटा उतरवते.

ती मूळची समुद्राकाठची. तिचा बाप मासळीबाजारात बर्फ फोडायचा. तिकडे जिथे उभं राहाल तिथून पाणी दिसायचं, आणि पाणी दिसलं की आपण कुठे आहोत ते कळायचं. लग्न होऊन ती इथे आली, आणि पहिल्याच जूनमध्ये सासूने तिला कोंब काढायला बांबूच्या जाळीत नेलं.

हा बांबू खुजा असतो, माणसाच्या डोक्याच्या जरा वर जाणारा, बोटाएवढा जाड. हिवाळाभर बर्फ त्याला दाबून धरतो, म्हणून सगळ्या काठ्या मुळाशी उताराच्या दिशेने आडव्या वाकून मग वर उठतात. आत शिरलेल्या माणसाचा पाय नकळत उताराकडेच घसरत जातो. वर चढायचं म्हटलं की प्रत्येक काठी छातीवर हात ठेवून मागे ढकलते. आभाळ दिसत नाही. एक कोंब मोडावा तर त्याच्या पलीकडे दुसरा दिसतो, मग तिसरा. मान खाली घालून माणूस कोंबामागून कोंब जात राहतो, आणि मान वर करतो तेव्हा चारही बाजू सारख्या दिसतात. म्हणून इथले लोक आत जाण्याआधी जाळीच्या तोंडाशी एखाद्या झाडाला रेडिओ टांगतात, मोठ्याने लावून. त्या आवाजाने अस्वल लांब राहतं आणि माणसाला परतायची दिशा कळते. अस्वलालाही हेच कोंब आवडतात, हे सांगायला नकोच.

त्या पहिल्या जूनमध्ये किनुए सासूच्या मागून चालता चालता मागे पडली. उभी राहिली. रेडिओवर कुणी बाई गात होती, पण गाणं कुठून येतंय ते कळेना. समोरून, मागून, पायाखालून! सासू चार हातांवर होती, हसतच आली. पण किनुएने तेव्हा जे ऐकलं ते ऐकलं. त्यानंतर ती जाळीत शिरली नाही. नवरा होता तोवर तो तिची बाजू घ्यायचा; तो आजारपणात गेला, आणि मग तिची चेष्टा थोपवायला कुणी उरलं नाही. तिनेही ती मनावर घेतली नाही.

तिचा दीर यासुनोरी उन्हाळ्यात शहरातल्या कुटुंबांना डोंगर दाखवतो. रोपवेच्या पाळण्यात बसवून वर न्यायचं, दलदलीतल्या फळ्यांवरून पांढरी फुलं बघत फिरवायचं, पोरांना ओढ्यात हातांनी मासे धरू द्यायचे, आणि जूनमध्ये कोंब. कोंबांच्या दिवशी किनुए सोबत असते. तिने जाळीबाहेरच्या कुरणात बसायचं, रेडिओ सांभाळायचा, आत गेलेले सगळे परत आले का ते चेहरे ओळखून बघायचं आणि चुलीवर आमटी करायची. कोवळे कोंब, बटाटे, कांदा, मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, आणि डब्यातला बांगडा, तेलपाण्यासकट. त्या आमटीसाठी लोक पुन्हा पुन्हा येतात. यासुनोरी मात्र आमटीपर्यंत थांबत नाही. तो जाळीतच फतकल मारून कच्चे कोंब सोलतो आणि करकर चावून खातो. "वहिनी, अर्धी टोपली पोटातून आणतो मी, वजन कमी!"

त्या वर्षी किनुएची मुलगी युकानो आपल्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. कोतोहा आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, कुणाचंही ऐकून घेणारी आणि ऐकलेलं खरं मानणारी पोर. दर वर्षी ती आजीजवळ चुलीपाशी बसायची. या वेळी ती म्हणाली, "मी आत जाणार."

"नाही," किनुए म्हणाली.

"आई, पुरे झालं," युकानो म्हणाली. पाहुण्यांची तीन कुटुंबं बुटांचे बंद आवळत होती, म्हणून तिने आवाज खाली आणला. "माझं सगळं लहानपण या रेडिओखाली गेलं. वर्गातल्या सगळ्या पोरी टोपल्या भरून आणायच्या आणि मी इथे बटाटे सोलायची. तिला तरी तुझ्यातली भीती वाटून देऊ नकोस."

ते वाक्य किनुएला लागलं. ती चुलीत फुंकर घालत राहिली. धुराने डोळ्यांत पाणी आलं असं सगळ्यांना वाटलं, आणि ते बरंच झालं.

"जा," ती शेवटी म्हणाली. कोतोहाची टोपी सारखी केली, तिच्या कमरेला आपली एक घंटा बांधली आणि तिची हनुवटी धरून म्हणाली, "रेडिओ ऐकत राहायचं. चुकलीस तर रेडिओकडे चालायचं. आणि रेडिओ थांबला तर?"

"तर खाली बसायचं. दगडासारखं."

"रेडिओ कशाला थांबेल आई?" युकानो हसली.

"दगडासारखं," कोतोहा पुन्हा म्हणाली आणि आपल्या धाकट्या आजोबांच्या, यासुनोरीच्या मागून काठ्यांमध्ये दिसेनाशी झाली. तिच्या मागे एक काठी सपकन जागेवर आली, पानं हलली, थांबली. घंटेचा आवाज थोडा वेळ आला. मग रेडिओवरच्या माणसाने हवामान सांगायला सुरुवात केली आणि त्याच्या आवाजात घंटा बुडाली.

किनुएने बटाटे टाकले, मिसो वाटीत कालवून ठेवला. जाळीकडे बघायचं नाही म्हणून ती पाठ करून बसली, मग पाठ करवेना म्हणून तोंड करून बसली. पाहुणे एकेक करून बाहेर आले. पांढरे बूट घालून आलेला बाप गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला होता आणि स्वतःवर खूश होता. त्याच्या बायकोच्या केसांत पानं. मुलं कोंब मोजत होती, भांडत होती. मग यासुनोरी आला. मग दुसऱ्या बाजूने युकानो आली, घामाघूम, टोपली शिगोशीग.

"कोतोहा कुठे?" यासुनोरीने विचारलं.

"तुमच्याजवळ ना, काका?"

यासुनोरी हसला नाही, तेव्हाच किनुएच्या हातातली पळी आमटीत पडली.

दोघे आल्या पावली आत धावले. हाका सुरू झाल्या. "को-तो-हाऽ!" आधी जवळून, मग लांबून. पाहुणेही ओरडू लागले, त्यांची मुलं ओरडू लागली, वर रेडिओवर दुपारच्या बातम्या चालू होत्या. पोरीने कुठून ओ दिली असती तर ती कुणालाच ऐकू आली नसती. बांबू आवाज पितो. किनुए ताडकन उठली.

"गप्प! सगळे गप्प बसा. कुणी हलू नका, कशाला हात लावू नका!"

आयुष्यात ती पाहुण्यांवर अशी ओरडली नव्हती. सगळे मटकन खाली बसले. तिने रेडिओचं बटण फिरवलं. बातम्या देणारा माणूस शब्दाच्या मध्येच बंद झाला.

आणि बंद झाला नाही.

तो तसाच बोलत होता. अगदी बारीक, बांबूच्या पलीकडून, खालच्या अंगाने. किनुएने रेडिओकडे पाहिलं. लाल दिवा विझला होता. तरी तोच माणूस, त्याच संथ आवाजात, कुठल्याशा बंदराबद्दल सांगत होता.

डोंगराच्या या बाजूला एकच स्टेशन लागतं. पलीकडच्या गावातली माणसं कोंबांना येतात तेव्हा तीही त्यांच्या कडेला रेडिओ टांगतात आणि तेच स्टेशन लावतात, दुसरं लावणार कुठलं? सहसा ती रविवारी येत नाहीत. पण आठवडाभर पाऊस होता, आज ऊन पडलं होतं. या दोन रेडिओंच्या मध्ये ओहोळाची घळ आहे. तिच्या काठापर्यंत बांबू दाट आहे आणि काठाच्या पलीकडेही तो वाकून झुलत असतो, त्यामुळे जमीन कुठे संपते ते पाय टाकल्यावरच कळतं.

चुकलीस तर रेडिओकडे चालायचं. किनुएनेच सांगितलं होतं.

तिने बटणाकडे हात नेला. लावावा पुन्हा? पण हा लावला तर तो ऐकू येणार नाही, आणि पोर कुठे गेली हे सांगणारा तो एकच होता. किनुएने रेडिओ बंदच ठेवला. चुलीजवळची काठी उचलली आणि चाळीस वर्षांनी बांबूच्या जाळीत शिरली.

पहिल्या काही पावलांतच कुरण नाहीसं झालं. पाय मुळाशी आडव्या काठ्यांवरून घसरत होते, उताराकडे, ओहोळाकडे. तिला त्या बाजूलाच जायचं होतं आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. एवढं सोपं जाणं चांगलं नव्हतं. घाम डोळ्यांत उतरला. "कोतोहा!" ती ओरडली, पण बाहेर आलं ते एक चिरकं काहीतरी. बातम्या देणारा मात्र जरा स्पष्ट झाला होता. ती त्याच्या मागून गेली. तो समोर होता. मग डावीकडे. मग, त्या पहिल्या जूनसारखा, सगळीकडे.

एके ठिकाणी काठ्या मोडून आडव्या पडल्या होत्या. तिथे कोंबांच्या सालांचा ढीग होता. सालं ओली होती. माणूस कोंब सोलतो तेव्हा साल एका बाजूने चिरून पट्टीसारखी काढतो. ही चुरगळलेली होती, चावून ओढून काढल्यासारखी. ढिगाला उग्र, ओल्या कातड्यासारखा वास येत होता. किनुएने तोंडावर हात दाबला. कमरेची उरलेली घंटा हलू नये म्हणून तिने ती मुठीत धरली, आणि मग आठवलं, घंटा तर वाजायला हवी. तिने मूठ सोडली. पाऊल टाकताच ती वाजू लागली.

तेवढ्यात रेडिओ थांबला.

पलीकडच्यांनी सामान आवरलं असावं. बातम्या तुटल्या आणि त्यांच्या जागी काहीच उरलं नाही. पुढे नाही, मागे नाही. आपला रेडिओ आपणच बंद करून आलोय, आणि पाहुण्यांना कशाला हात लावू नका म्हणून बजावलंय. ते बिचारे सांगितल्याप्रमाणे गप्प बसून असणार.

किनुए जागीच थांबली. तिने काठी घट्ट धरली. रेडिओ थांबला तर? तर खाली बसायचं. पोर ऐकलेलं खरं मानते. म्हणजे जिथे असेल तिथे ती या क्षणी बसली असेल. असेल ना? बसण्याआधी एक पाऊल जास्त टाकलं नसेल ना?

मग तिने बोलायला सुरुवात केली. ओरडण्याएवढा श्वासच नव्हता, म्हणून रेडिओवरच्या माणसासारखं, न थांबता, सपाट आवाजात. "आधी बटाटे घालायचे. बटाटे शिजत आले की कोंब, तिरके चिरून. मिसो आधी घालायचा नाही. बांगड्याचा डबा उघडताना बोट सांभाळायचं. तेल ओतून द्यायचं नाही, चव त्यातच असते..." आणि बोलता बोलता, घोट्याएवढ्या उंचीवरून काठ्यांमधून बघत, ती सरकत राहिली. कांद्यापर्यंत आली तेव्हा खालून आवाज आला.

"आजी? तू रेडिओ झालीस का?"

किनुए रांगत पुढे गेली. कोतोहा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, टोपली मांडीवर. तिच्या बुटांच्या पुढे बांबू होता, पण त्या बांबूची मुळं दिसत नव्हती. किनुएने काठी पुढे टेकवली. काठी टेकलीच नाही. पानांतून खाली गेली, आणि खूप खालून पाण्याचा आवाज वर आला.

तिने नातीला कवेत घेऊन मागे ओढलं. कोतोहा कुजबुजली, "हळू गं. आजोबा जेवतायत."

"कोण?"

"धाकटे आजोबा. ते बघ ना, तिकडे. केव्हाचे कोंब खातायत. मी हाका मारल्या, बोलतच नाहीत. पण ते होते म्हणून मी नाही घाबरले."

तेव्हा किनुएने ऐकलं. उजव्या हाताला, फार तर घरातल्या एका खोलीएवढ्या अंतरावर, करकर. थांबून पुन्हा करकर. मध्येच नाकातून सोडलेला जड श्वास. काठ्यांची टोकं तिथे हलत होती, वारा नसताना.

यासुनोरीची हाक त्याच वेळी आली. वरच्या अंगाने, अगदी लांबून, उलट्या दिशेने.

कोतोहाने ती ऐकली की नाही कोण जाणे. तिने आजीकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता, आणि आयुष्यभर जी बाई पोरासोरांना, सुनांना, पाहुण्यांना आपली भीती वाटून देत आली, तिला कळेना की आता काय करावं. पोर किंचाळली तर? पळाली तर? पळायला जागा होती ती फक्त घळीकडे, जिथे काठी टेकली नव्हती.

"जेवू दे त्यांना," किनुए म्हणाली. आवाज बरा निघाला. "जेवताना माणसाला हाक मारू नये. आपण आमटीचं बोलू. मग कांदा. कांदा कसा चिरायचा?"

"पातळ."

"पातळ. आणि तू किती कोंब काढलेस?"

करकर थांबली. ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. तिने पोरीचं तोंड आपल्या छातीशी असं धरलं होतं की तिला उजवीकडे बघता येऊ नये. काळं काहीतरी काठ्यांमागे उभं होतं किंवा बसलं होतं. तिने पाहिलं नाही. पाहिलं तर आपल्या डोळ्यांत ते पोरीला दिसेल, एवढंच तिला कळत होतं.

आणि मग वरून, पाठीमागून, कर्कश, फाटक्या आवाजात रेडिओ सुरू झाला. कुणीतरी बटण शेवटपर्यंत पिरगाळलं होतं. पिपाणीचं काहीतरी वाजत होतं. उजवीकडे काठ्या एकदम वाकल्या, काहीतरी जड, खूप जड, उतार आडवा कापत धाडधाड गेलं, आणि पानं मागे आपापल्या जागी येत राहिली.

"आजोबा पळाले!" कोतोहा खिदळली.

त्या दोघी चढल्या. प्रत्येक काठी छातीवर हात ठेवून मागे ढकलत होती. किनुए पोरीला पुढे ठेवून, मागे न बघता चढली.

कुरणात पाहुणे अजून वर्तुळ करून चिडीचूप बसले होते, मुलांच्या तोंडांवर आयांचे हात. आमटी उतू जाऊन चूल अर्धी विझली होती आणि कुणी पळी उचलली नव्हती. रेडिओजवळ युकानो उभी होती. जाळीतून बाहेर आल्यावर तिला ही शांतता दिसली होती, आई नाहीशी झालेली दिसली होती, आणि तिने बटण पिरगाळलं होतं. तिने लेकीला उचललं, मग एका हाताने आईच्या केसांतली पानं काढू लागली.

थोड्या वेळाने यासुनोरी वरच्या बाजूने धापा टाकत आला. कोतोहा त्याच्यावर बोट रोखून म्हणाली, "आजोबा, तुम्ही फार वाईट आहात! एवढे कोंब एकट्याने खाल्लेत. मी एवढ्या हाका मारल्या, एक तरी द्यायचा! आणि किती आवाज करता हो खाताना, शी!"

यासुनोरीच्या अंगावर सगळी मळकी पानं चिकटली होती. तो म्हणाला, "मी? मी तर..." आणि थांबला. त्याची नजर युकानोकडे गेली. युकानोचा चेहरा पांढरा पडत होता. आताआतापर्यंत ती त्याच्याबरोबर वरच्या अंगाला शोधत होती. मग त्याने वहिनीकडे पाहिलं.

किनुए वाडगा भरत होती.

"खादाडच आहे तो," ती म्हणाली. "घ्या भाऊजी. पोट भरलं नसेल अजून."

यासुनोरी गवतात बसला, दोन्ही हातांनी वाडगा घेतला.

"भूक लागली होती गं," तो कोतोहाला म्हणाला. "माफ कर म्हाताऱ्याला."

"पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा मला द्यायचे," कोतोहा म्हणाली, आणि आजीकडे वळली. "येऊ ना आजी?"

युकानोने आईचं मनगट धरलं. तिने ते सोडलं नाही. किनुएने जाळीकडे पाहिलं. एकही पान हलत नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "आमटी गार होतेय, आधी जेव."